जहाज थांबवायची आपली पद्धत

११ जानेवारी २०२५, शनिवार. नाचणगाव.
आजपासून रोजनिशी. कारण मोठं आहे. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात म्हणून मुलगी रक्षा आणि जावई दुर्गेश यांनी आम्हा दोघांचं क्रूझचं बुकिंग करून दिलं. मुंबई, गोवा, कोची, परत मुंबई. सहा रात्री. शेजारचे हरिदास आणि कांता हे नवराबायकोही सोबत आहेत. चौघांपैकी एकानेही समुद्र पाहिलेला नाही. पण मी एकतीस वर्षं पुलगावच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो. वाहन बदललं तरी पब्लिक तीच. त्यामुळे ग्रुपचं नेतृत्व आपोआप माझ्याकडे आलं. कोणी तसं म्हटलं नाही, पण असल्या गोष्टी म्हणाव्या लागत नाहीत.

मनकर्णा वाडीत वांगी तोडत होती. तिला सांगितलं. म्हणाली, "मले समुद्रात पाय बुडवाचे हाय, तुमच्या संगं. बाकी काईच नाई पायजे." नोंद घेतली. कार्यक्रमात बसलं तर पाहू.

१४ जानेवारी. संक्रांत.
कंपनीचे नियम मोबाइलवर आले. सेहेचाळीस पानं. पुलगावला जाऊन प्रिंट काढली. लाल पेन घेऊन बसलो. तिळगूळ द्यायला लोक येत होते, त्यांना खुणेनेच बसवलं.

संकल्प: प्रवाशांच्या उपयोगासाठी पुस्तिका लिहिणे. नाव ठरलं, "क्रूझ प्रवाशांसाठी व्यवहार्य सूचना". खाली माझं नाव आणि हुद्दा. लॅमिनेशन करावं, कारण जहाजावर पाणी असतं.

१६ जानेवारी
पुस्तिकेची प्रगती: मुखपृष्ठ पूर्ण.

१९ जानेवारी, रविवार. सायं. ५.
समाजमंदिरात मार्गदर्शनपर व्याख्यान दिलं. उपस्थिती सहा. त्यातले दोघे रेशनकार्डाचं काही सांगतात असं समजून आले होते, पण शेवटपर्यंत बसले. हरिदास पहिल्या पाच मिनिटांत झोपला. विषय त्याच्या डोक्यात झिरपावा म्हणून मी उठवलं नाही.

शोअर एक्स्कर्शन, म्हणजे बंदरात उतरून गाव पाहणे, यावर विशेष भर दिला. ते दोन प्रकारचं. एक, कंपनीच्या बसने. त्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं, असं नियमात आहे. दोन, आपलं आपण. त्यात उशीर झाला तर जहाज निघून जातं आणि पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चाने जावं लागतं. हा नियम वाचून साधा माणूस घाबरतो आणि कंपनीच्या बसमध्ये बसतो. मी साधा नाही.

गावातल्या कवडूने विचारलं, "जहाज बडनेऱ्याले थांबते का?" त्याला शांतपणे भूगोल सांगितला.

लहानूचा प्रश्न बरा होता. "कोनी मागं राह्यलं त मंग?" म्हटलं, लहानू, नियम पब्लिकसाठी असतो. आपल्या भागात गाडी कशी थांबते? घरची बाई दारात उभी राहते, एक पाय फूटबोर्डवर, एक पाय खाली, आणि म्हणते, थांबा हो, आमचे येऊन राह्यले. एकतीस वर्षांत असा एक ड्रायव्हर मी पाहिला नाही ज्याने बाई दारात असताना गाडी काढली. जहाजाला दार असतंच. टाळ्या पडल्या. दोनच, पण मनापासून.

३ फेब्रुवारी
सूचना क्र. ९ लिहिली: बोट लागू नये म्हणून लिंबू जवळ ठेवावे. मला स्वतःला काहीही लागत नाही.
मनकर्णा बाजरीच्या वाळवलेल्या खारोड्या बांधून राह्यली. म्हटलं, बाहेरचं खाण्याचं नियमात बसत नाही. म्हणाली, "मंग तुमचे नियमच खाजा तिकडं." बायकांना कागद कळत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार. मुंबई, बंदर. दुपारी २.
कालच्या गाडीने निघालो, सकाळी पोचलो. जहाज पाहिलं. नाव "सिंधुराणी". हरिदास म्हणाला, "अरे बाप, हे त आपल्या सूतगिरणीयेवढं हाय." मी प्रभाव चेहऱ्यावर दिसू दिला नाही.

चेक-इनला नियमाप्रमाणे सर्व जाहीर केलं. खारोड्या एक डबा, शेंगदाण्याची चटणी एक बरणी, चिवडा, लिंबं बावीस. बाकीचे प्रवासी काही न बोलता पुढे जात होते. आमचं सगळं टेबलावर मांडलं गेलं. खारोड्या ठेवून घेतल्या. कांताने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं, तिची चटणी गेली आत. हा अपवाद आहे.

बॅगा त्यांची माणसं खोलीत पोचवतात असा नियम. पण तोपर्यंत जबाबदारी कोणाची? मी आमची बॅग बंदरातल्या खांबाला साखळीने बांधून कुलूप लावलं.

रात्री ८
बॅग अजून आली नाही. चौकशी केली. त्यांच्या मते ती बंदरात खांबाला बांधलेली आहे. किल्ली माझ्याकडे. जहाज सुटून दोन तास झाले. सूचना क्र. ४ मध्ये सुधारणा आवश्यक.

कपडे नाहीत. हातपिशवीत माझा जुना खाकी युनिफॉर्म होता, फॉर्मल नाइटसाठी, म्हणजे सुटाबुटातल्या जेवणासाठी मुद्दाम आणलेला. तोच घालतो. मनकर्णाला कांताने एक लुगडं दिलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार. समुद्रात.
युनिफॉर्मचा परिणाम पाहण्यासारखा आहे. सकाळपासून चौदा जणांनी मला बाथरूम कुठे आहे ते विचारलं. तिघांनी लिफ्टबद्दल. एका बाईने टॉवेल मागितला. सगळ्यांना दिशा दाखवली. दोन दिशा चुकल्या असतील, पण आत्मविश्वासाने दाखवल्या. लोकांना नेतृत्व कळतं.

सकाळी ११ ला लाइफबोटीची ड्रिल. आमच्या बोटीचा नंबर सहा. लगेच वर चढून दुपट्टा टाकून खिडकीकडच्या दोन जागा धरल्या. संकट आलं की गर्दी होणार, तेव्हा कोण कोणाला विचारतं? अर्ध्या तासाने एक पोरगा दुपट्टा खोलीवर आणून देऊन गेला, अगदी घडी घालून. परत जाऊन टाकला. परत आणून दिला. तिसऱ्यांदा त्याच्यासोबत मोठा साहेब आला. तडजोड म्हणून मी दुपट्टा गळ्यात ठेवला.

दुपारी ४
थोडी उलटी झाली. कलिंगडाचा दोष.

दुपारी ४.२०
कलिंगड परत.

सायं. ६
मनकर्णा वर डेकवर गेली. निरोप पाठवला, "सूर्य बुडून राह्यला, या ना." लिंबू चाटत पडलो होतो. शिवाय उद्याच्या गोव्याच्या एक्स्कर्शनचा तक्ता बाकी. उद्या पाहू म्हणून कळवलं. सूर्य रोजच बुडतो.

रोमिंगचा धोका लक्षात घेऊन तिचा मोबाइल मी विमान मोडवर टाकून दिला. तिला काढता येत नाही, ते एक बरं आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार. गोवा. सकाळी ८.
जहाज बंदराला लागलं. सायंकाळी ५.३० ला सर्वांनी आत, ६ ला निघणार. हरिदास आणि कांता कंपनीच्या बसने गेले. कांता जाताना म्हणाली, "भाऊजी, तुमीबी चला न. मनकर्णाबाईले पान्यात पाय बुडवाचे हाय म्हंतात." म्हटलं, कांताबाई, मेंढरासारखं एकामागे एक जायचं असेल तर खुशाल जा.

योजना अशी. मी एकटा स्थानिक बसने फिरून पाहणी करीन. मनकर्णा जहाजावर थांबेल. वेळेआधी दारात उभी राहील, एक पाय आत, एक बाहेर. जहाज निघायला लागलं तर म्हणेल, थांबा, आमचे येऊन राह्यले.

ती म्हणाली, "म्हंजे मी उतरूच नोको?" समजावलं की दोघं खाली गेलो तर थांबवायला कोण? कोचीला पाय बुडवू. तिने हातातली पिशवी परत खुंटीला अडकवली. म्हणजे पटलं. तिला दारातली जागा प्रत्यक्ष दाखवून, पाय कुठे ठेवायचा ते दाखवून उतरलो. दारावरचा पोरगा पाहत होता. त्यालाही समजावून सांगितलं. तो फार गंभीर झाला.

सायं. ४.१०. एका गावचा बस स्टँड.
घाईत लिहितो. दोन चर्च, एक किल्ला, एक काजूचं दुकान पाहिलं. आता बंदराकडे जाणारी ४.२० ची बस. भरपूर वेळ आहे. पण या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत कोणीही नाही! पब्लिक सैरावैरा. एका म्हाताऱ्याने माझा युनिफॉर्म पाहून विचारलं, मडगावची कोणती? मी बोर्ड वाचून सांगितलं. लगेच सहा जण गोळा झाले. कर्तव्य म्हणून दोन मिनिटं थांबतो.

सायं. ५.०५
तीन गाड्या सोडल्या. सगळ्या वेळेवर. मडगावची गाडी मीच थोपवून धरली, कारण मासळीच्या टोपलीवाली एक बाई लांबून धावत येत होती आणि तिची सून दारात एक पाय ठेवून ओरडत होती. ड्रायव्हर थांबला! म्हणजे पद्धत सगळीकडे चालते. भाषा वेगळी असली तरी चालते. डोळे भरून आले. निवृत्तीनंतर इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

माझी ४.२० ची बस मीच शिटी वाजवून सोडली, हे आत्ता लक्षात आलं. पुढची ५.३० ला. चिंता नाही. दारात मनकर्णा आहे.

सायं. ६.४०. बंदर.
जहाज दिसतं आहे. पाण्यात, बऱ्यापैकी आत. दार बंद.

हात वर करून कंट्रोलरची शिटी वाजवली. बंदराच्या वॉचमनने विचारलं, कोणाला बोलावता? म्हटलं, त्या गाडीला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे जहाज सहाला निघणार होतं, पण कंपनीच्या एक्स्कर्शनची बस रस्त्यात अडकली म्हणून सहा पंचविसापर्यंत थांबलं. म्हणजे हरिदाससाठी थांबलं. आयुष्यात एकही वाहन ज्याने वेळेवर पकडलं नाही, त्या हरिदाससाठी.

मनकर्णाला तेरा फोन लावले. विमान मोड.

बिचारी दारात किती भांडली असेल. खलाशांच्या हातापाया पडली असेल. मला तिची फार काळजी वाटते. माझ्याशिवाय तिला जेवणाचा हॉलसुद्धा सापडणार नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. गाडीत.
रेल्वेने कोचीला जाऊन जहाज गाठावं असा विचार होता. पण रात्री ओळखपत्र शोधलं तर ते तिच्या पर्समध्ये, जहाजावर. ते नसलं तर जहाजात घेत नाहीत, नियम क्र. ३१, मीच व्याख्यानात सांगितला होता. मडगावहून मुंबईची गाडी धरली. बंदरातल्या खांबाला बांधलेली बॅग तरी सोडवून घेऊ.

दुपारी ३. मुंबई.
बॅग नव्हती. साखळी कापून जप्त केली म्हणतात. अर्ज दिला. कुलूप परत मिळालं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. नाचणगाव. दुपारी १.
सकाळी पुलगावला उतरलो. कोणी पाहू नये म्हणून मागच्या रस्त्याने घरी आलो. घराशीच कवडू भेटला. "अरे, लवकर आले! जहाज बडनेऱ्याले थांबलं वाटते." त्याला सांगितलं की मी पाहणीपुरता गेलो होतो, पाहणी संपली. दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं. लहानू विचारून गेला, "मंग बाई दारात उभी नोती का?" तज्ज्ञाने प्रत्येक प्रश्नाला उत्तर देऊ नये.

सायं. ५
मोबाइलवर कांताने फोटो पाठवला. कोची. मनकर्णा समुद्रात, लुगडं घोट्याच्या वर धरलेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. दुःख लपवण्यासाठी घातला असणार. तोंड उघडं आहे, म्हणजे रडत असावी. मोठं करून पाहिलं. दात दिसतात. कधीकधी रडतानाही दिसतात.

खिचडी लावली. खाली लागली.

१५ फेब्रुवारी
फोटो एकूण एकोणीस. मनकर्णा जहाजाच्या चाकासमोर, कॅप्टनच्या टोपीत. मनकर्णा आइसक्रीमसोबत. मनकर्णा आणि कांता नाचताना, मागे हरिदास खुर्चीत झोपलेला. मनकर्णा खारोड्या खाताना! ठेवून घेतलेल्या खारोड्या तिला परत मिळाल्याच कशा? नियमात कुठेही तशी तरतूद नाही.

ती धीर धरून आहे. कांताच्या मोबाइलवर फोन केला, तिनेच उचलला. "जेवले का? तांदूळ वरच्या डब्यात हाय," एवढंच बोलली. मागे गाणं वाजत होतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार. रात्री.
आली. स्टेशनवर आणायला गेलो. हार घेतला होता, कारण एवढं सोसून आली. गाडीतून उतरली ती उन्हाने काळवंडलेली, आणि खरं सांगायचं तर दहा वर्षांनी लहान दिसत होती. हार तिच्या हातात दिला. तिने तो कांताच्या गळ्यात घातला आणि दोघी हसत सुटल्या.

जेवण झाल्यावर विषय काढला. म्हटलं, मी तुला दोष देत नाही, परक्या माणसांपुढे बाईमाणसाचं काय चालणार. पण तू दारात उभी राहून नेमकं काय म्हणालीस?

तिने ताटं उचलता उचलता सांगितलं. जसं बोलली तसं लिहितो.

"उभी होती न मी. चार वाजल्यापासून. खुर्ची देत होते, म्या घेतली नाई. तुमी सांगतलं तसाच पाय ठेवला. मंग कांताची बस आली. सगळे चढले. त्या दारावरच्या पोरानं मले विचारलं, माताजी, तुमचे साहेब नाई आले, मी वर सांगून अजून पंधरा मिनिटं थांबवू का? त्यानं खरंच थांबवलं असतं, लय चांगला पोरगा. मी तिकडं पाह्यलं त सूर्य बुडून राह्यला होता, पान्यावर सगळं लाल लाल. म्या विचार केला, हे आले त म्हंतीन तक्ता बाकी हाय. मंग म्या पाय आत घेतला अन् म्हनलं, नोको थांबू बाबू, चाल."

मी विचारलं, मुद्दाम? म्हणाली, "हो." ओट्यावरचं पाणी पुसून घेतलं आणि झोपायला गेली.

वाईट वाटलं. इथे दुसरं कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. फार वाईट वाटलं.

१८ फेब्रुवारी
व्याख्यानाचा पुढचा भाग रद्द. पुस्तिका माळ्यावर.
तिला म्हटलं, चाल, आज नदीवर जाऊन पाय बुडवू. म्हणाली, वांगी तोडाची हाय. तिच्यासोबत वांगी तोडली. मला फार बोलू दिलं नाही.

२२ फेब्रुवारी
बायका रोज दुपारी अंगणात येतात. मनकर्णा त्यांना सांगते. कोणती बॅग न्यायची, जेवायला कुठे आधी जायचं, एक्स्कर्शन कंपनीचंच घ्यायचं. कागद नाही, पेन नाही. उपस्थिती आज चोवीस. मी चहा नेऊन दिला. कोणी थांबायला म्हटलं नाही, पण दाराआड उभं राहून ऐकता येतं.

२ मार्च, रविवार
मनकर्णा आणि कांता पुन्हा जाणार. डिसेंबरात, या वेळी लक्षद्वीप. दोघीच. हरिदास म्हणतो, झोपच घ्याची त घरी काय वाईट हाय. रक्षाने फॉर्म पाठवला. मनकर्णा तो माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "तुमाले फॉर्म चांगला भरता येते. भरून द्या."

मनात आनंद झाला. म्हणजे शेवटी माझ्या अभ्यासाची गरज लागलीच. चष्मा लावला, काळं पेन घेतलं, सगळं ठळक अक्षरांत भरलं. प्रवाशाचं नाव, वय, आहार शाकाहारी. सोबत प्रवास करणारी व्यक्ती, कांता. शेवटचा रकाना आपत्कालीन संपर्काचा. खाली बारीक अक्षरांत सूचना होती की ही व्यक्ती प्रवासात सामील नसावी आणि संपूर्ण कालावधीत जमिनीवर उपलब्ध असावी.

मी थांबलो. मनकर्णा समोर बसून लसूण सोलत होती. तिने रकान्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "लिवा न तुमचं नाव."

लिहिलं.